ग्रंथालयाचे ऑनलाइन कार्यक्रम: ‘सगळ्यांसाठी’ म्हणजे नेमकं कुणासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक ग्रंथालयात तुम्ही दोघंच काम करता, लॅपटॉप एकच आहे आणि कार्यकारी मंडळाने ‘सर्व वयोगटांसाठी ऑनलाइन कार्यक्रम’ सुरू करायला सांगितलं आहे. तुम्ही एक व्याख्यान ठेवलंत, दोनशे सभासदांना लिंक पाठवलीत, आले नऊ. त्यातलेही तिघं मध्येच निघून गेले. चुकलं काय आणि आता सुरुवात कुठून करायची?

मी बालविभागात कामाला लागले आणि आता सगळ्याच वयाच्या वाचकांचे कार्यक्रम बघते. २०२० मध्ये दारं बंद झाली तेव्हा आम्हीही नाइलाजाने ऑनलाइन आलो. दारं उघडली की हे बंद करायचं असंच ठरलं होतं. पण तोवर हजेरीच्या वहीत अशी माणसं आली होती जी देवघेवीच्या काउंटरवर कधीच दिसली नव्हती. आजारी आईला एकटं सोडून बाहेर पडता न येणारी मुलगी, रात्रपाळी करणारा कामगार, तान्ह्या बाळाची आई, जिना चढवत नाही म्हणून पाच वर्षांपूर्वी सभासदत्व सोडलेले आजोबा. त्यांना पुन्हा ‘आता तुम्ही येऊ नका’ असं सांगणं मला जमलं नसतं. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मी जरा विस्ताराने देते.

आधी त्या नऊ जणांविषयी. नऊ हा आकडा वाईट नाही. तुमच्या बालविभागात एका संध्याकाळी नऊ मुलं गोष्ट ऐकायला बसली असती तर तुम्ही खूश झाला असता. वाईट हे झालं की नऊ माणसं आली आणि त्यांच्यापैकी एकालाही तोंड उघडायची संधी मिळाली नाही. चांगलं व्याख्यान ऐकायचं तर लोकांकडे यूट्यूब आहे, तेही आपल्या सवडीने, मध्ये थांबवून, मागे नेऊन. मग ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लिंकवर, तुमच्याकडे का यायचं? माझ्या अनुभवात याचं एकच उत्तर टिकलं आहे: तिथे आपल्याला कुणीतरी नावाने ओळखतं आणि आपण बोललो तर ऐकून घेतं. ही गोष्ट ग्रंथालयाकडे आधीपासून आहे. काउंटरमागे उभं राहून कोण काय वाचतं, कुणाला अक्षर मोठं लागतं, कुणी एकाच लेखकाची सगळी पुस्तकं संपवत आणली आहेत, हे तुम्हाला ठाऊक असतं. ऑनलाइन जाताना हेच सोबत न्यायचं.

‘सर्व वयोगट’ या शब्दांनी मंडळाची आणि तुमची दोघांचीही गफलत झालेली दिसते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं आपल्या सगळ्यांना पाठ आहे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. कार्यक्रमालाही हेच लागू आहे. सगळ्यांना एकत्र बसवून चालेल असा कार्यक्रम क्वचित निघतो (एक प्रकार आहे, तो पुढे सांगते). तीन वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या बाईंना एकाच तासात आवडेल असं काही करायला गेलं की दोघांनाही अर्धंमुर्धं मिळतं. मात्र पहिल्याच महिन्यात पाच वयोगटांचे पाच कार्यक्रम जाहीर केलेत तर तिसऱ्या महिन्यात एकही उरणार नाही. दोघांत तेवढी ताकद नसते.

म्हणून दोनच निवडा. एक लहान मुलांसाठी, एक मोठ्यांसाठी. प्रत्येकाचा वार आणि वेळ ठरवा आणि सहा महिने ती हलवू नका. लिंकही तीच ठेवा. दर वेळी नवी लिंक पाठवली की चार माणसं जुन्याच लिंकवर जाऊन बसतात आणि ‘आज नव्हतंच वाटतं’ म्हणून निघून जातात. आमच्याकडे मोठ्यांचं वाचनमंडळ महिन्यातून दोनदा असतं, मुलांची गोष्ट दर आठवड्याला. मुलांच्या बाबतीत आठवड्याच्या खाली जाऊ नका, दोन आठवडे म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी फार मोठा काळ असतो, ते तुम्हाला विसरून जातं.

आता मुलांच्या तासाबद्दल सविस्तर. इथे बहुतेकांचं अंदाजाने चाललेलं असतं आणि माझा सगळ्यात जास्त जीवही इथेच आहे.

सहा वर्षांखालच्या मुलांचा ऑनलाइन कार्यक्रम वीस मिनिटांचा असावा, पंचवीस म्हणजे डोक्यावरून पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला तासाभराच्या आत असावा, कमी तेवढं चांगलं. तेव्हा आपण मुलाच्या त्या तासातला वाटा मागतो आहोत, याचं भान हवं. मग तो मागायचाच कशाला? कारण समोरचं माणूस प्रतिसाद देत असेल तर पडदाही वेगळा ठरतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली गेली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीतून. समोरासमोर आणि कॉलवर मुलं शब्द शिकली, चित्रफितीतून शिकली नाहीत. माणूस तेच, शब्द तेच. फरक एवढाच की कॉलवरची बाई मुलाने काही केलं की त्यावर काहीतरी म्हणत होती. मी तेव्हापासून ‘गोष्टी रेकॉर्ड करून टाकू या’ या सूचनेला लहान मुलांपुरता ठाम नकार देते.

एक सत्र कसं चालतं ते सांगते. दहा मिनिटं आधी मी दार उघडते, म्हणजे लिंक चालू करते. जे मूल येईल त्याला नावाने हाक, हातात काय आणलंय त्याची चौकशी. बारा मुलं असतील तर बारा नावं. यात पाच मिनिटं जातात आणि ती वाया गेली असं नवख्या माणसाला वाटतं. पण मुलांच्या दृष्टीने कार्यक्रम तोच असतो. मग एक बडबडगीत. इथे सगळ्यांना म्यूट करावंच लागतं. इंटरनेटवरून आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, प्रत्येकाकडे तो वेगवेगळा, आणि सगळे माइक चालू असले की गाणं विसकटून नुसता गलका होतो. वर ही ॲप एका वेळी एकाच आवाजाला पुढे आणतात. म्हणून गाते मी एकटी, मुलं घरात मोठ्याने गातात, मी फक्त त्यांचे हलणारे ओठ बघते. पालकांना हे आधी सांगा, नाहीतर ‘आमच्या मुलाचा आवाज बंद का केला’ म्हणून फोन येतो.

मग पुस्तक. मी स्कॅन केलेली पानं पडद्यावर दाखवत नाही, पुस्तकच हातात धरते. मुलाला पान उलटणारा हात दिसला पाहिजे, ही वस्तू आहे, ती ग्रंथालयात आहे, घरी नेता येते, हे कळलं पाहिजे. हातात धरताना तुम्हाला तुमच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतील, घाबरू नका, समोरच्यांना ती सरळच दिसतात. गुळगुळीत कागदावर उजेड चकाकतो, तेव्हा पुस्तकाची वरची कड किंचित पुढे झुकवा आणि खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नको. प्रत्येक पानावर थांबून एखाद्या मुलाला प्रश्न विचारायचा. ‘हा कुत्रा आहे ना?’ असा प्रश्न नको, त्यावर मूल नुसती मान हलवतं. ‘हा असा का बघतोय?’ असं विचारा. १९८८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना अशाच पद्धतीने पुस्तक वाचायला शिकवलं होतं. महिनाभरातच त्या मुलांचं बोलणं इतर मुलांच्या पुढे गेलं. म्हणूनच माझा अर्धा कार्यक्रम खरं तर शेजारी बसलेल्या आईबाबांसाठी असतो. मी कसं विचारते ते ते बघतात आणि रात्री तसंच विचारतात. वीस मिनिटांत मी मुलाला भाषा देऊ शकत नाही, घरातलं माणूस देऊ शकतं.

शेवटी एक कामगिरी: ‘घरातली कुठलीही गोल वस्तू घेऊन या.’ मुलं पडद्यापासून उठून पळतात. कुणी झाकण आणतं, कुणी बांगडी. एकदा एका मुलीने तिच्या आजोबांनाच ओढत आणलं आणि त्यांच्या टकलाकडे बोट दाखवलं. आजोबा मनापासून हसले आणि पुढच्या आठवड्यापासून नातीच्या शेजारी स्वतःहून बसायला लागले.

याला लागूनच कॉपीराइटचा मुद्दा येतो. ग्रंथालयात मुलांना पुस्तक वाचून दाखवणं आणि तेच इंटरनेटवर वाचून दाखवणं यांत कायद्याच्या नजरेने फरक पडतो, आणि रेकॉर्डिंग टाकलं तर फारच पडतो. २०२० मध्ये अनेक प्रकाशकांनी तात्पुरती सूट दिली होती, ती कायमची समजू नका. सरळ प्रकाशकाला लिहा. बंद सत्र आहे, रेकॉर्डिंग होणार नाही, पुस्तकाचं आणि लेखक, चित्रकार, प्रकाशक सगळ्यांचं नाव घेणार, असं स्पष्ट लिहिलं तर बहुतेक जण हो म्हणतात. उत्तर येईपर्यंत मुक्त परवान्याच्या गोष्टी वाचा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं २०१५ पासून चालू असलेलं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ यासाठी उत्तम आहे. तिथल्या सचित्र गोष्टी, मराठीतल्यासुद्धा, लेखक-चित्रकाराचं नाव घेऊन वापरायला मोकळ्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत मुदत देशागणिक बदलते: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०. पण लेखकाची मुदत संपली म्हणून अनुवादकाची आणि चित्रकाराचीही संपली असं होत नाही.

सात ते अकरा वर्षांच्या मुलांबद्दल फार सांगायला नको. त्यांना हाताला काम द्या, कोडी द्या, गोष्टीचा शेवट बदलायला सांगा, ती स्वतःच धावत सुटतात.

कुमारवयीन मुलांचं मात्र उलटं आहे. त्यांच्यासाठी म्हणून ठेवलेल्या कार्यक्रमाला ती येत नाहीत. कॅमेरा बंद, माइक बंद, काळ्या चौकोनात नुसती नावं. मी बराच काळ त्यांना ‘कॅमेरा लावा ना’ म्हणून विनवत होते. ते चूक होतं. त्यांच्या घरात वेगळी खोली नसते, मागून कुणीतरी ओरडत असतं, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं त्या वयात नकोसं वाटतं. चॅटमध्ये ती भरभरून बोलतात, तर चॅटलाच कार्यक्रम माना. आणि त्यांना प्रेक्षक करू नका, काम द्या. आमच्या मोठ्यांच्या वाचनमंडळाचं दार आता दोन अकरावीतली मुलं सांभाळतात: वेटिंग रूममधून (लिंक उघडलेला माणूस परवानगी मिळेपर्यंत जिथे थांबतो तिथून) आत घेणं, कुणाचा आवाज येत नसेल तर त्याला फोन करणं, चॅटमधले प्रश्न वाचून दाखवणं. आणखी एक काम त्यांना मनापासून आवडतं, ते म्हणजे विकिपीडियावर संदर्भ जोडणं. ग्रंथपालांनी विकिपीडियाला एकेक संदर्भ द्यावा अशी मोहीम २०१६ पासून जगभर चालते. मुलं ग्रंथालयातलं पुस्तक उघडतात, पान क्रमांक शोधतात, लेखाखाली नोंद करतात. आपण लिहिलेलं कुणीही वाचू शकतं याची त्यांना किंमत असते, आणि ग्रंथालयातली धूळ बसलेली संदर्भपुस्तकंही त्यामुळे उघडली जातात.

मोठ्यांसाठी पहिला प्रकार वाचनमंडळाचा. आठ ते बारा माणसं, त्याहून जास्त झाली तर दोन मंडळं. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं की ज्याने त्याने आपापलं? पहिल्या चार-सहा भेटी आपापलं ठेवा. एकाच पुस्तकाच्या तितक्या प्रती तुमच्याकडे नसतील आणि ‘माझं वाचून झालं नाही’ म्हणून माणसं लाजून गळतात. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, पुस्तकातला एक उतारा वाचायचा. मंडळ जुळलं की एक पुस्तक घ्या. अमेरिकेत सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९९८ मध्ये ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचायचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो कितीतरी शहरांनी उचलला. तुमच्या बारा जणांच्या मंडळाचंही तेच, फक्त शहर लहान.

शांत वाचनाचा तास हा दुसरा प्रकार, आणि दोन माणसांच्या ग्रंथालयासाठी मी याचीच आधी शिफारस करेन. सगळे येतात, आज काय वाचणार ते एका वाक्यात सांगतात, मग पन्नास मिनिटं आपापलं पुस्तक वाचतात. शेवटी ज्याला वाटेल त्याने बोलायचं. तयारी शून्य. मला स्वतःला हे कुणी येऊन करील असं वाटलं नव्हतं. पण घरात वाचायला बसलं की दहा हाका येतात आणि ‘माझा ग्रंथालयाचा तास आहे’ म्हटलं की येत नाहीत, असं एका काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं की आपण लोकांना काय दिलं आहे.

ज्येष्ठांसाठी वेगळा कार्यक्रम लागतोच असं नाही, वेगळी तयारी लागते. पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून लिंक उघडून बघायची. ‘निळ्या अक्षरांवर बोट ठेवा, आता कुठला प्रश्न विचारतोय ते मला वाचून दाखवा.’ माइकला परवानगी द्यायचा प्रश्न येतो तिथे निम्मे जण ‘नको’ दाबतात, कारण अनोळखी गोष्टीला नको म्हणा असं मुलांनी त्यांना बजावलेलं असतं. ते बरोबरही आहे. म्हणून त्या क्षणी ओळखीचा आवाज फोनवर हवा. वीस मिनिटं लागतात एका माणसाला, एकदाच. आमच्याकडे एक आजोबा चार महिने नुसते ऐकत होते. कॅमेरा नाही, आवाज नाही. आम्ही दर वेळी ‘आजोबा, आलात, बरं वाटलं’ एवढं म्हणायचो आणि पुढे जायचो. पाचव्या महिन्यात त्यांनी माइक चालू केला आणि पत्नी गेल्यानंतर ती वाचत असलेलं अर्धं पुस्तक आपण पूर्ण केलं, ते सांगितलं. त्या दिवशी ठरलेली चर्चा झाली नाही. होऊ दिली नाही. त्यांना आधीच ‘आजोबा, तुम्हीही बोला ना’ म्हणून भाग पाडलं असतं तर ते दुसऱ्या महिन्यातच निघून गेले असते.

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट आजच बदला. तुम्ही कार्यक्रमाचं रंगीत पोस्टर व्हॉट्सॲपवर टाकता, वार-वेळ सगळं त्या चित्रात असतं. फोन वाचून दाखवणाऱ्या सोयीला चित्रातली अक्षरं नीट वाचता येत नाहीत. चित्राखाली तोच मजकूर टाइप करा. कार्यक्रमातही ‘इथे बघा’ म्हणू नका, काय आहे ते सांगा.

सगळ्या वयांना एकत्र बसवणारा एक प्रकार आहे म्हटलं होतं. मोठ्यांनी एक जुनी वस्तू पडद्यासमोर धरायची आणि मुलांनी ती कशासाठी होती ते ओळखायचं. शाईची दौत, कॅसेट, तबकडी फिरवायचा टेलिफोन. कॅसेट आणि पेन्सिल एकत्र दाखवली तर मुलं वाट्टेल ती उत्तरं देतात, आणि मग गुंतलेली फीत पेन्सिलीने कशी गुंडाळायची हे सांगताना साठीतला माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो. त्यानंतर मुलं प्रश्न विचारतात आणि ती विचारतात ते आपल्याला सुचणार नाहीत. ‘फोन आला आणि तुम्ही घरी नसलात तर?’ वर्षातून चार वेळा पुरे. दर महिन्याला केलं तर वस्तू संपतात आणि मजाही.

आता चालवण्याची कला. एका माणसाने कार्यक्रम कधीही चालवू नये. एकाने बोलायचं, दुसऱ्याने दार बघायचं. तुम्ही दोघं आहात, तेवढं पुरेसं आहे, पण दोघांनीही त्या तासाला काउंटर सोडावा लागेल, म्हणून वेळ ग्रंथालय बंद झाल्यानंतरची किंवा सकाळची शांत वेळ घ्या. दारावरच्या माणसाने लॅपटॉपवर बसायची गरज नाही, स्वतःच्या मोबाइलवरून को-होस्ट (सहसूत्रधार) होता येतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. ऑनलाइन माणसाला माइक शोधायला वेळ लागतो, आणि आपण तीन सेकंदांत घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. शांततेला घाबरणं हा नवख्या सूत्रधाराचा मोठा दोष आहे, माझाही होता.

सुरक्षिततेबद्दल मी अगदी कडक आहे. सुरुवातीच्या काळात एका ग्रंथालयाने मुलांच्या सत्राची लिंक सार्वजनिक पानावर टाकली होती, मी पाहुणी म्हणून गोष्ट सांगत होते. सातव्या मिनिटाला कुणीतरी अनोळखी आत आलं आणि त्याने स्वतःचा पडदा सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. अकरा मुलं समोर होती. सत्र बंद करायला आठ-दहा सेकंद लागले असतील, त्यानंतर प्रत्येक घरी फोन करायला दोन दिवस. तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. मुलांच्या सत्राची लिंक फक्त नोंदणी केलेल्या पालकालाच, तीही फोनवर बोलून झाल्यावर. वेटिंग रूम चालू. झूमने ती एप्रिल २०२० पासून मोफत खात्यांना आपोआप लावली, पण तुमच्या खात्यात चालू आहे का ते स्वतः बघा. पडदा दाखवायची सोय फक्त होस्टला. मुलांना आपसात खाजगी चॅट बंद. मुलांचा फोटो किंवा स्क्रीनशॉट कुठेही टाकायचा नाही, ‘वार्षिक अहवालासाठी’ सुद्धा नाही. ग्रंथालयाचं माणूस एकटं एका मुलाबरोबर कॉलवर राहणार नाही, दुसरं मोठं माणूस हवंच. मुलांची माहिती गोळा करताना पालकांची संमती लागते ते वय देशागणिक वेगळं आहे: अमेरिकेत १३ वर्षांखाली, युरोपीय संघात देशानुसार १३ ते १६, भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. सोपा मार्ग असा की कमीत कमी माहिती मागा. मुलाचं हाकेचं नाव, वय, पालकांचा नंबर. जन्मतारीख, शाळा, पत्ता कशाला हवा?

व्हॉट्सॲप ग्रुपचंही तसंच. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्या एका वाचक ताईंना त्यामुळे नको ते फोन येऊ लागले आणि त्या सगळंच सोडून गेल्या. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तिच्यात एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. तिची मर्यादा २५६ जणांची आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून देवघेवीच्या वेळी समोर उभ्या असलेल्या सभासदाला तिथेच नंबर जतन करायला सांगा. दोनशे जणांना पाठवलेला तुमचा निरोप खरोखर दोनशेंना पोचला होता का, हे एकदा तपासाच. मला शंका आहे.

डेटाचा हिशेब लोकांना सांगून टाका, त्यांची भीती कमी होते. नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट लागतात, म्हणजे तासाला फार तर ३६ एमबी. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला ६०० किलोबिट धरले तर तासाला २७० एमबी. ज्याचं पॅक संपत आलं आहे त्याने नुसतं ऐकावं, त्याला कमी लेखू नका. खर्चाचं म्हणाल तर झूमच्या मोफत खात्यात १०० माणसं आणि ४० मिनिटं मिळतात, गूगल मीटवर गटाला ६० मिनिटं. मुलांच्या वीस मिनिटांना यात काहीच अडत नाही. शांत वाचनाचा तास मीटवर ठेवा आणि आधी दार उघडण्याची मिनिटं धरून साठात बसेल असा, म्हणजे वाचनाची मिनिटं थोडी कमी करून, आखा. पैसे देऊन काही घेण्याआधी सहा महिने असंच चालवा. पहिला खर्च करायचाच तर कॉलर माइकवर करा. चित्र धूसर असलं तर लोक बसून राहतात, आवाज खरखरला की उठून जातात.

कार्यकारी मंडळ आकडे मागेल. ‘किती जणांनी पाहिलं’ हा आकडा त्यांना देऊ नका, ती सवय एकदा लागली की तुम्ही पुन्हा व्याख्यानांकडे जाल. वहीत तीन रकाने करा: आज कोण आलं, त्यातलं तिसऱ्यांदा किंवा त्याहून जास्त वेळा आलेलं कोण, आणि कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत कुठलं पुस्तक कुणी नेलं. तिसरा रकाना भरायला देवघेवीची नोंद बघावी लागते, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे कार्यक्रमात उल्लेख झालेल्या पुस्तकांवर काउंटरवरच एक छोटी चिठ्ठी लावतात, ‘मंगळवारी यावर बोललो’, आणि ती पुस्तकं फडताळात परत जातच नाहीत. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी पुस्तक नेणाऱ्या शेजाऱ्याचं किंवा नातेवाइकाचं नाव त्यांच्या खात्यावर नोंदवून ठेवा. मंडळात कुणी ‘हे ग्रंथालयाचं काम आहे का’ असं विचारलं तर इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्याची प्रत समोर ठेवा. १९४९ पासूनचा हा दस्तऐवज २०२२ मध्ये शेवटचा सुधारला गेला, आणि वयाचा भेद न करता सगळ्यांना सेवा, जे नेहमीच्या सेवेपर्यंत पोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी खास सोय, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर त्या नऊ जणांची यादी शोधा. प्रत्येकाला फोन करा, मध्येच निघून गेलेल्या तिघांना आधी. ‘कार्यक्रम कसा वाटला’ असं विचारू नका, सगळे छान म्हणतील. ‘सध्या काय वाचताय’ आणि ‘आठवड्यात कुठली वेळ तुमची स्वतःची असते’ एवढे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. ज्या वेळेवर चार-पाच जणांचं जमेल ती तुमच्या शांत वाचनाची वेळ. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी दार उघडा, नऊ नावांचा कागद शेजारी असू द्या, आणि जे येतील त्यांना त्यांनी फोनवर सांगितलेल्या पुस्तकाबद्दलच विचारा.